दारात विचारायचा दुसरा प्रश्न

 रेडिओजवळ दादा-भाऊ बसले असतील तर त्यांनी उठून जाऊ नये, आजचं बोलणं त्यांच्याही कामाचं आहे.

आज आम्ही बोलणार आहोत. आम्ही म्हणजे अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या आशा, अंगणवाडी सेविका आणि गटप्रवर्तक. कोणी दर्यापूरकडची, कोणी अकोटची, कोणी मूर्तिजापूरची, आणि दोघी मेळघाटातल्या. आवाज एकीचा ऐकू येतो आहे, पण हे भाषण आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. करोनाच्या काळातल्या आमच्या डायऱ्या पेटीतून काढल्या, मधोमध ठेवल्या आणि एकेक पान वाचत गेलो.

तुम्ही म्हणाल, “आता काहून तो विषय काढता बाई? झालं ना ते सगळं.” झालं, पण पुरतं झालं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये जन्मलेली लेकरं आता शाळेत जाऊ लागली आहेत. त्यांची लसीकरणाची कार्डं आम्ही बघतो, तेव्हा काही कार्डांवर मधलेच रकाने कोरे दिसतात. ते कोरे रकाने साथीने ठेवले आहेत. आणि साथ काही पुन्हा येणारच नाही, असं कोणी लिहून दिलेलं नाही. म्हणून हे बोलणं.

आधी एक गोष्ट सांगतो. ही आमच्यातल्याच एकीच्या गावची आहे. तिच्या परवानगीने सांगतो आहोत, आणि त्या घरच्यांच्याही.

मुलीचं माहेर अकोट तालुक्यात, सासर दर्यापूर तालुक्यात. अंतर म्हणाल तर सकाळी निघालं की भाकरीच्या वेळेला पोचावं एवढं. पण मधे जिल्ह्याची हद्द आहे. मुलीला पहिलटकरणीचे दिवस, सातवा लागलेला. २०२० साली ९ मार्चला होळी होती. चार दिवसांसाठी म्हणून ती होळीला माहेरी आली, दोन लुगडी पिशवीत टाकून. पाडव्याला सासरचे न्यायला येणार होते. आणि २५ मार्चला, बरोब्बर पाडव्याच्याच दिवशी, सगळा देश बंद झाला. पोरगी माहेरी राहिली. तिचं कार्ड सासरी राहिलं, कपाटात, लग्नाच्या फोटोखाली.

त्या कार्डावर सासरच्या उपकेंद्रातल्या सिस्टरने तिचं बी.पी. लिहून ठेवलं होतं. थोडं वाढलेलं होतं. सिस्टरने त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होता आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं. ते पंधरा दिवस काही आले नाहीत.

इकडे माहेरच्या गावात आमची मैत्रीण आशाचं काम करत होती. तिच्या हातात सर्वेक्षणाचा कागद होता. पुण्या-मुंबईहून कोण आलं, कोणाला ताप आहे, कोणाला खोकला आहे, कोणाला श्वास लागतो. तोंडाला रुमाल बांधून, भर उन्हात, रोज पन्नास घरं. त्या घरी ती महिना-सव्वा महिन्यात तीनदा गेली. तिन्ही वेळा अंगणातूनच विचारलं, “कोणाला ताप? खोकला?” आतून उत्तर आलं, “नाही.” तिने लिहिलं, ‘निरंक’. पुढचं घर.

मे महिन्यात त्या पोरीचे पाय सुजले, मग हात, मग तोंड. डोकं दुखायला लागलं. आई म्हणाली, “ऊन लागलं असन.” दवाखान्यात न्यावं का, असा विषय निघाला, तर आजी म्हणाली, “तिथं जाऊ नोको, तिथं गेलं का करोना होते.” एके रात्री तिला झटके आले. गाडीला फोन केला, तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. गावातल्या पिकअपवाल्याला पोलिसांची भीती. दीड तास गाडी शोधण्यात गेला. पहिल्या दवाखान्यात दारातच करोनाचा रिपोर्ट मागितला. दुसऱ्या दवाखान्याने घेतलं.

बाई वाचली. लेकरू गेलं.

आठ दिवसांनी आमची मैत्रीण त्या घरी गेली. तिला बोलताच येईना. ती एवढंच म्हणाली, “मावशी, मी तीनदा आली होती वो. मले काहून नाही सांगितलं?” ती माउली रागावली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “तुमी तं तापच इचारला नं माय.”

बायांनो, आम्ही या वाक्यावर खूप बोललो. आजही ते वाक्य आमच्या उशाशी असतं. त्या घरात ताप नव्हता, हे खरंच होतं. आमच्या मैत्रिणीने लिहिलेलं ‘निरंक’ खरं होतं. पण दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. घरात कोणी गरोदर आहे का? कोणी बाळंतीण आहे का? दोन वर्षांच्या आतलं लेकरू आहे का? कागदावर तो रकाना नव्हता, आणि कामाच्या घाईत आमच्याही डोक्यातून तो गेला.

साथ येते तेव्हा असंच होतं. सगळ्यांचं लक्ष एकाच दुखण्याकडे जातं आणि बाकीची दुखणी काही थांबून राहत नाहीत. पोटातलं लेकरू लॉकडाऊन बघून वाढायचं थांबत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. आफ्रिकेत सिएरा लिओन नावाचा देश आहे. तिथे २०१४-१५ मध्ये इबोलाची साथ आली. नंतर अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की बाया भीतीने दवाखान्यात जाईनाशा झाल्या, त्यामुळे आया, नवजात बाळं आणि पोटातच गेलेली बाळं मिळून सुमारे ३,६०० जीव जास्तीचे गेले. त्यांना इबोला झालेलाच नव्हता. जवळपास तेवढीच माणसं त्या देशात प्रत्यक्ष इबोलाने गेली होती.

आपल्या वऱ्हाडालाही साथ नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ आली होती. आपल्या आज्या-पणज्या तिला ‘मानमोडी’ म्हणत. तेव्हा आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होतो, आणि देशात सगळ्यात जास्त मरणं झालेल्या प्रांतांत आपला प्रांत होता. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. त्या साथीत देशभर पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या, आणि पुढच्या वर्षी पाळणेच कमी हलले. तेव्हा ना आशा होती, ना उपकेंद्र, ना लस. आता सगळं आहे. मग आता तुटतं कुठे, ते नीट बघायला हवं.

आम्हाला आमच्या प्रशिक्षणात शिकवलं आहे की बाळंतपणात बाई दगावते ती बहुतेक वेळा उशिराने. आणि उशीर तीन ठिकाणी होतो. एक घरात, म्हणजे जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात, म्हणजे गाडी मिळण्यात. तिसरा दवाखान्यात, म्हणजे उपचार सुरू होण्यात. करोनाने हे तिन्ही उशीर वाढवले. त्या अकोटच्या पोरीच्या वाट्याला तर तिन्ही एका रात्रीत आले.

घरातला उशीर भीतीचा. दवाखाना म्हणजे करोना, असं गणित लोकांच्या डोक्यात बसलं. त्यात मोठमोठे दवाखाने खरोखरच करोनाला दिले गेले. अमरावतीचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय करोना रुग्णालय झालं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला आपण सर्वोपचार म्हणतो, तिथे करोनाचे वॉर्ड भरलेले. बाळंतपणाची सेवा बंद करायची नाही, गरोदर बायांची तपासणी आणि लेकरांचं लसीकरण या अत्यावश्यक सेवा आहेत, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्येच कळवलं होतं. पण कागदावरची सूचना आणि गावातली भीती यांची गाठ पडायला वेळ लागला. आपल्या अमरावतीच्या डफरीनमध्ये बाया बाळंत होत होत्या. पण गावात आम्हाला विचारत, “डफरीन चालू हाये काय?” म्हणजे चालू असलेली सेवाही लोकांना बंदच वाटत होती. चालू आहे, हे घरोघरी सांगणं हेसुद्धा तेव्हा औषधाइतकंच गरजेचं होतं. ते आम्ही उशिरा सुरू केलं.

रस्त्यातला उशीर तर विचारूच नका. गावागावांनी वेशीवर काट्या टाकल्या. एस.टी. बंद झाली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी एस.टी. सुरू झाली ती थेट २० ऑगस्ट २०२० ला. पाच महिने! आपल्याकडे निम्म्या पोरींचं सासर अमरावती जिल्ह्यात, तर माहेर अकोल्यात, नाहीतर उलट. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात बाई एका आशेच्या यादीतून निघते आणि दुसऱ्या आशेच्या यादीत जाते. साथ नसतानाही या मधल्या जागेत बाया सुटतात. साथीत तर पूर्णच सुटल्या. सासरची आशा लिहायची, ‘माहेरी गेली’. माहेरची आशा म्हणायची, ‘आपल्याकडे नोंद नाही’. मेळघाटातल्या आमच्या मैत्रिणी सांगतात, धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात घाटाचा रस्ता. फोन करावा तर कितीतरी गावांत रेंज नाही. तिथे गाडीला एक तास उशीर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दवाखान्यातला उशीर रिपोर्टचा आणि रक्ताचा. सुरुवातीला तपासणीची सोय कमी होती, नमुने बाहेर पाठवावे लागत. मे २०२० पासून आपल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातच तपासणी सुरू झाली, तेव्हा जरा सुटकेचा श्वास टाकला. दुसरी गोष्ट, रक्त. कॉलेजं बंद, सभा-समारंभ बंद, म्हणजे रक्तदान शिबिरं बंद. बाळंतपणानंतर जास्त रक्त गेलं तर बाईला तासा-दोन तासांत रक्त लागतं. अंगात आधीच रक्त कमी असलेली बाई तेवढं रक्तही गमावू शकत नाही. आणि रक्तवाढीच्या गोळ्या कुठे मिळतात? तपासणीच्या दिवशी. गरोदरपणात १८० गोळ्या पोटात जायच्या असतात. दोन महिने तपासणी चुकली की साठ गोळ्या गेल्या. बघा, एक कडी तुटली की पुढची कशी तुटते.

मग आली दुसरी लाट. ती आपल्यापासून सुरू झाली असं सगळा महाराष्ट्र म्हणत होता. फेब्रुवारी २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं, पाठोपाठ अकोला, अकोट आणि मूर्तिजापूरही. बाकी राज्याचा बराच भाग तेव्हा मोकळा होता. ही लाट गरोदर बायांना फार जड गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने गरोदर आणि बाळंतिणींचा अभ्यास केला. पहिल्या लाटेत करोना झालेल्या शंभर बायांमध्ये एकही पुरती दगावत नव्हती, प्रमाण ०.७ होतं. दुसऱ्या लाटेत ते ५.७ झालं. आणि गरोदर बायांना करोनाची लस द्यायला परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला, लाट ओसरत आल्यावर. लोकांनी तोवर ठरवून टाकलं होतं की पोटुशीने सुई घ्यायची नसते. ते ठरलेलं पुसायला आम्हाला पुढचे किती महिने लागले!

महाराष्ट्रात दर एक लाख जन्मांमागे किती आया दगावतात, याचा आकडा सरकारच्या नमुना नोंदणीतून निघतो. २०१६-१८ ला तो ४६ होता. मग ३८ झाला, मग ३३. अशी छान उतरती रेघ होती. आणि २०१९-२१ चा आकडा आला, तो पुन्हा ३८. सगळ्या मिळून कमावलेलं त्या दोन वर्षांत थोडं वाहून गेलं.

आता लेकरांचं बघू. लसीकरण म्हणजे तारखांचं काम. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची, मग दीड वर्षाला पुन्हा. एप्रिल २०२० मध्ये बऱ्याच गावांतली सत्रं थांबली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला जन्माच्या वेळच्या लसी मिळत होत्या, पण गावातलं झाडाखालचं सत्र भरत नव्हतं. सत्रं पुन्हा सुरू झाली तेव्हा आयांना वाटलं, आता तारीख गेली, आता चालत नसेल. कोणी म्हणे, गर्दीत नको. आणि करोनाच्या लसीबद्दल अफवा पसरल्या, तेव्हा मेळघाटात काही घरांनी लेकरांच्या नेहमीच्या लसीलाही दार लावून घेतलं. एका सुईची अफवा दुसऱ्या सुईला चिकटते.

देशाचा आकडा सांगतो. पेंटाचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा तिसरा डोस २०१९ मध्ये शंभरातल्या ९१ लेकरांना मिळत होता. २०२० मध्ये तो ८५ जणांनाच मिळाला. सहाच कमी, असं वाटेल. पण आपल्या देशात वर्षाला दोन कोटींच्या वर लेकरं जन्मतात. शंभरात सहा म्हणजे चौदा-पंधरा लाख लेकरं. त्याचं बिल दोन वर्षांनी आलं. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला, मग मालेगाव, भिवंडी. लेकरं दगावली, आणि त्यांतली बरीचशी लस न घेतलेली. करोना तेव्हा जवळपास गेला होता. त्याने सोडलेली वाट मात्र गोवराने धरली.

खाण्याचंही तसंच. अंगणवाडीचं दार बंद झालं. आमच्या सेविकांनी धान्याची पाकिटं घरोघर पोचवली, डोक्यावरून नेली. मेळघाटात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळ गरम, चौरस जेवण मिळतं. ते बंद झालं आणि कोरडं धान्य घरी जाऊ लागलं. आता तुम्हीच सांगा, अंगणवाडीत बसून जेवलेलं तिच्या एकटीच्या पोटात जातं. घरी गेलेलं धान्य सगळ्यांच्या पातेल्यात जातं. कामं बंद, घरात सात तोंडं. ती बाई आपल्या वाटणीची डाळ वेगळी शिजवून खाईल का? नाही खात. आपण बाया तशा वाढलेल्या नाही.

आणखी एक गोष्ट, जिचं आम्हाला फार वाईट वाटतं. बाळंतीण पॉझिटिव्ह आली की घरच्यांनी बाळ तिच्यापासून तोडायचं, पाकिटाचं दूध द्यायचं. सगळे प्रेमानेच करत होते. पण डॉक्टरांचं सांगणं पहिल्यापासून साफ होतं. आईने तोंडाला मास्क लावावा, हात साबणाने धुवावेत आणि बाळाला अंगावरच पाजावं. आईच्या दुधाने बाळाला आजाराशी लढायचं बळ मिळतं. पाकिटाच्या दुधाने, न उकळलेल्या बाटलीने आणि खाऱ्या पाण्याने आमच्याकडे लेकरांना हगवण लागलेली आम्ही पाहिली. हे लक्षात ठेवा, पुढेही कामाला येईल.

आता आमचंही थोडं सांगतो, रडगाणं म्हणून नाही. साथीत सगळी कामं आली ती याच पोरींवर. सर्वेक्षण आम्ही, विलगीकरणातल्या लोकांची विचारपूस आम्ही, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आम्ही, मग लसीकरणाच्या रांगा आम्ही. करोनाच्या कामाचे महिन्याला हजार रुपये. शेवटी जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, तेव्हा कुठे थोडी वाढ झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला, त्याचा आनंद आहेच. पण सन्मानाने एका बाईचे चार हात होत नाहीत. साथीचं काम वाढलं की गरोदर बायांच्या आणि लेकरांच्या कामाला वेगळं माणूस हवं, ते काम त्याच बाईवर लादू नये, हे आमचं ग्रामसभेतही म्हणणं आहे आणि इथेही.

पण सगळं बिघडलंच, असं नाही. जिथे जमलं तिथे कसं जमलं, तेही डायरीत आहे. मूर्तिजापूरकडच्या एका गावात सत्र शाळेच्या मैदानावर घेतलं. चुन्याचे गोल आखले, एकेका आईला फोन करून वेळ दिली, “तू दहा वाजता ये, तू सव्वादहाला.” गर्दी झाली नाही आणि एकही लेकरू सुटलं नाही. दुसऱ्या एका गावात सरपंचबाईंनी चार गाडीवाल्यांची नावं लिहून घेतली, रात्री कोणाची पाळी ते ठरवलं, आणि यादी दवंडीने सांगितली. पोलीस पाटलांनी लिहून दिलं, त्यामुळे अडवाअडवी झाली नाही. मेळघाटात आमच्या मैत्रिणीने पाकीट द्यायला गेलं की लेकराच्या दंडाला पट्टी लावायची सवय केली. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली भरलं की लाल, म्हणजे लेकरू अतिकुपोषित. मग तिने आयांनाच पट्टी लावायला शिकवली. कोरकूत समजावलं. म्हणजे ती गेली नाही तरी आईला कळायला लागलं. या सगळ्यात पैसा फार लागला नाही. कोणीतरी दुसरा प्रश्न विचारला, एवढंच.

आणि देशानेही भरून काढलं बरं का. एकही लस न मिळालेली लेकरं २०२१ मध्ये २७ लाख होती, २०२२ मध्ये ती ११ लाखांवर आली. म्हणजे सुटलेलं परत धरता येतं.

तर आता कामाचं बोलू. पाचच गोष्टी सांगतो, बोटावर मोजा.

पहिली. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळच पाहिजे. माहेरी चार दिवसांना जाते म्हणून घरी ठेवायचं नाही. घरातल्या मोबाईलवर कार्डाच्या सगळ्या पानांचा फोटो काढा. एक नवऱ्याच्या मोबाईलवर, एक माहेरच्या.

दुसरी. बाई माहेरी निघाली की सासरच्या आशाताईला सांगा, पोचली की माहेरच्या आशाताईच्या दारात जा. आम्ही दोन्ही जिल्ह्यांतल्या जणींनी आता एकमेकींचे नंबर घेतले आहेत. बाई निघाली की फोन जातो, “आमची लेक तुमच्याकडे आली, तिचं बी.पी. बघा.”

तिसरी. धोक्याची लक्षणं घरातल्या पुरुषांनाही पाठ पाहिजेत. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड आणि हात सुजणं, अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, पोटातलं बाळ कमी हलणं, ताप, झटके. यातलं एकही दिसलं की ‘ऊन लागलं असन’ म्हणायचं नाही, निघायचं. आणि नवजात बाळ नीट ओढत नसेल, गार पडलं असेल, धापा टाकत असेल, छाती आत ओढली जात असेल, तरी निघायचं. गाडीसाठी १०२ आणि १०८. गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

चौथी. तुमच्या घरात किंवा शेजारी २०२० ते २०२२ मध्ये जन्मलेलं लेकरू असेल, तर आजच त्याचं कार्ड काढा. रकाना कोरा असेल तर लाजू नका, ‘तारीख गेली’ म्हणून बसू नका. सिस्टरला दाखवा. वयाप्रमाणे जे देता येतं ते ती सांगेल. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान एक बूस्टर असतो, तो तर बऱ्याच जणी विसरतात. आणि कार्ड हरवलं असलं तरी या, आमच्या रजिस्टरात शोधू.

पाचवी गोष्ट आमच्यासाठी आहे, सरपंचांसाठी आहे, बचत गटांसाठी आहे आणि उद्या कधी काळी साथ आलीच तर दारोदार जाणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. पहिला प्रश्न साथीचा विचारा, तो विचारायलाच हवा. पण त्याच दारात, त्याच दमात, दुसराही विचारा. घरात गरोदर कोण आहे? बाळंतीण कोण? लहान लेकरू कोणाचं? कागदावर रकाना नसेल तर मागच्या बाजूला लिहा. आणि आम्ही विचारायला चुकलो, तर बायांनो, तुम्ही न विचारता सांगा. हाक मारा, “ओ आशाताई, ताप नाही, पण पोरगी आली हाये बाळंतपणाले.” तेवढं ऐकू आलं तरी आम्ही वळू.

त्या अकोटच्या पोरीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. २०२२ मध्ये तिला पुन्हा दिवस गेले. या खेपेला ती माहेरी आली ती कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पोलक्यात खोचून. घरी जाण्याआधी आमच्या मैत्रिणीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, आधी बी.पी. पाहा माह्यं.” महिन्यातून दोनदा बी.पी. पाहिलं. वाढल्यावर औषध वेळेवर सुरू झालं. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात, दिवसाउजेडी झालं. मुलगी आहे. तिच्या कार्डावर आजवर एकही रकाना कोरा नाही.

येतो आता. कार्ड बघायचं विसरू नका. नमस्कार.